नावावर बसायचं कुणी?

३ मार्च, सोमवार

आज माझ्यावर अन्याय झाला. साधासुधा नव्हे, पर्यावरणपूरक अन्याय. दहाच्या चहाला हात पुढे केला आणि चहावाल्याने किटली मागे घेतली. 'गिरणाई पॉलिमॅट'मध्ये आजपासून कागदी कप बंद. ज्याने त्याने आपला कप घरून आणायचा, आणि त्यावर आपलं नाव हवं. तसा फलक लागलाय. फलक अर्थात प्लास्टिकचा.

अर्धं आयुष्य या कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये बसून मी देशभर प्लास्टिकच्या चटया रवाना केल्या. पृथ्वी कधी चकार शब्द बोलली नाही. आता माझ्या पाऊण कप चहाने बुडायला आली!

चहावाचून एक ट्रक भरून दिला. ड्रायव्हरला उगाच बोललो. शेवटी भंगार शेडच्या द्रौपदाबाईंनी आपल्या पिशवीतून स्टीलचा ग्लास काढून दिला. "धरा नाना. कप आणंपर्यंत राहू द्या तुमच्यापाशी." ग्लासावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं : वाल्मीक. त्यांचा नवरा. आमच्याच लूमवर, चटया विणायच्या मशीनवर होता, दिवाळीनंतर वारला.

उद्या कप न्यायचा. विसरायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

विसरलो.

मीटिंग झाली. मोहिनीताई म्हणजे आमच्या मालकांची, हेमराजशेठची लेक. पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आली आहे, आणि जे शिकली ते सगळं एकाच महिन्यात वापरून टाकायचा तिचा बेत दिसतो. पडद्यावर तीन वर्तुळं. पहिल्यात स्पर्धा, दुसऱ्यात पर्यावरण, तिसऱ्यात ग्राहकाची वैयक्तिक आवड. तिन्ही जिथे एकमेकांवर चढतात तिथे आपण उभं राहायचं म्हणे. मी पाहिलं, जागा फार चिंचोळी होती. शेठ तर मावलेच नसते.

तर आता प्रत्येक चटई वेगळी. ज्याची चटई त्याचं नाव तिच्यात विणलेलं. शेजारच्या प्लॉटवरचा आपला स्पर्धक गठ्ठ्याने साध्या चटया विकतो. आपण माणसागणिक विकायची. लूमवाल्याने विचारलं की दर नावाला लूम थांबवायचा का. तर म्हणे तीच तर गंमत आहे, मशीन थांबत नाही, फाइल बदलते.

मशीन चार वेळा थांबलं. फाइल बदलली नाही.

७ मार्च

कप विसरलो. ग्लास चांगला आहे तसा. चहा जास्त मावतो.

१२ मार्च, बुधवार

आज नोटीस लागली. भंगार शेड एक मेपासून बंद.

कारण असं. शेडमध्ये सात बायका फुटक्या खुर्च्या, बादल्या, टब निवडतात. त्याचा दाणा होतो, दाण्याची चटई. सगळे रंग एकत्र वितळले की दाणा काळपट तपकिरी येतो, आणि त्या रंगावर नाव उठून दिसत नाही. नावाला लाल, पिवळा, पांढरा हवा. म्हणून आता बाहेरून 'प्रमाणित हरित दाणा' घ्यायचा. तो गुजरातेतून ट्रकने धूर सोडत येणार, सोबत हिरव्या पानाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र घेऊन. आणि पाचोरा-जामनेरच्या फुटक्या बादल्या आमच्या दारावरून परत जाणार, कारण त्यांच्याकडे कागद नाही.

बादलीला कागद हवा! माणसांचंच सगळीकडे चालू होतं, आता बादल्यांचंही आलं.

एक मे म्हणजे कामगार दिन. मुहूर्त काढणाऱ्याचा मला सत्कार करायचाय.

नमुना म्हणून प्रत्येक कामगाराला एक नावाची चटई फुकट. मी माझं नाव दिलं नाही. बायकोचं दिलं, तेवढंच घरात वजन वाढेल. द्रौपदाबाईंनी नवऱ्याचं दिलं. वरणगावच्या बाजूला त्यांचं गाव आहे, तिथल्या विहारात अंथरायला मोठी चटई हवी म्हणाल्या. संगणकात आधीच 'कै.' लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, आमच्यात कालकथित लिहितात. संगणक 'एवढी अक्षरं बसत नाहीत' म्हणाला. बाई म्हणाल्या, बसवा. बसवली. 'कालकथित वाल्मीक दगडू सुरवाडे', लालभडक चटईच्या बरोब्बर मधोमध, वीतभर उंचीच्या पिवळ्या अक्षरांत.

शेडबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मीच विचारलं, एक तारखेनंतर काय. म्हणाल्या, "पाहू. बाकीच्या जनी लई रडू राह्यल्या." स्वतःचं सांगितलं नाही.

२४ मार्च, सोमवार

लग्नसराई. धुळ्याचे आमचे डीलर रतिलालभाई. त्यांनी नवरा-नवरीच्या नावाच्या चटया भरपूर उचलल्या. मोहिनीताईने पेढे वाटले. मी वाल्मीकच्या ग्लासातून चहा घेत पेढा खाल्ला.

२ एप्रिल, बुधवार

पेढे लवकर झाले. दुपारी रतिलालभाईंचा फोन. आवाजात साखर नाही.

"नाना, बठ्ठा माल परत ई राहिना."

सगळा माल परत? विचारलं, रंग गेला? वीण सुटली? तर नाही. माल झकास आहे. अडचण अशी की नावावर बसायचं कुणी? कुणी परत धाडली, कुणी नुसती जपून ठेवली. सासऱ्याने हौसेने स्वतःचंही नाव घालून घेतलं, आणि आता जावई म्हणतो मी मामांच्या नावावर पाय कसा देऊ. एका घरी नवरीच्या नावात देवीचं नाव आलं, ती चटई सरळ भिंतीवर गेली, वर हार. दुसरीकडे सासूने कपाटात ठेवली, पैठणीच्या खाली. शिरपूरकडच्या एका घरात पाहुणे दारातच थबकले, चपला काढून चटईला वळसा घालून पलीकडे फरशीवर बसले.

आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर माणूस नमस्कार करतो. त्याच माणसाला आम्ही नाव लिहून दिलं आणि म्हटलं, बस यावर! वर्तुळं तीन काढली होती. चौथं काढायचं राहून गेलं, त्यात पाय होते.

५ एप्रिल

आणखी गंमत. शेजारच्या प्लॉटवाल्याची साधी चटई दुपटीने खपते आहे. हिशेब सरळ आहे. ज्या घरात आमची नावाची चटई भिंतीवर गेली, त्या घराला बसायला दुसरी लागते. ती तो विकतो. स्पर्धेचं धोरण आम्ही आखलं, अंमलबजावणी त्याने केली.

तो परवा गेटवर मला हसून नमस्कार करून गेला. फार वाकून केला.

८ एप्रिल, मंगळवार

हरित तपासणीचे साहेब आले. घरोघरी फिरून आमच्या चटया बघून आले होते. अहवाल वाचून दाखवला : नावाच्या चटईची झीज शून्य, आयुर्मान मोजता येत नाही इतकं. अत्यंत टिकाऊ, सबब अत्यंत हरित. पुरस्कारासाठी शिफारस!

जी वस्तू कुणी वापरतच नाही तिच्याइतकी पर्यावरणपूरक वस्तू दुसरी नाही. हे आधी कळलं असतं तर कारखानाच काढला नसता, थेट पुरस्कार घेतला असता.

साहेबांना कागदी कपात चहा दिला. पाहुण्यांसाठी ठेवलेत म्हणे.

शेडची नोटीस तशीच आहे. धोरण फसलं तरी नोटीस फसत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सुटी. द्रौपदाबाईंनी सगळ्यांना गावी बोलावलं होतं. मी गेलो, आणि आश्चर्य म्हणजे मोहिनीताई स्वतः गाडी काढून आली. 'ग्राहकाची प्रत्यक्ष भेट' घ्यायची होती तिला.

विहार लहानसा, नव्याने रंगवलेला. निळ्या पताका. आत आमची लाल चटई. वंदना व्हायची होती, माणसं दाटीवाटीने, मांडीला मांडी. आणि मधे चांगली दोन-तीन माणसं बसतील एवढी जागा मोकळी. मोहिनीताईला उशीर झालेला. तिने ती जागा पाहिली, सुटकेचा श्वास टाकला आणि जाऊन बसली.

वाल्मीकवर.

एक आजोबा खाकरले. एका पोरीने आईकडे पाहिलं. मोहिनीताईने सगळ्यांच्या नजरा बघितल्या, मग खाली बघितलं, मांडीखालून पिवळं अक्षर डोकावत होतं. विंचू चावल्यासारखी उठली. चेहरा चटईच्या रंगाचा. द्रौपदाबाईंनी तिचा हात धरून तिला कडेला आपल्याशेजारी बसवून घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पोरीला हसावंसं वाटलं नाही.

वंदना झाल्यावर मी द्रौपदाबाईंना म्हटलं, ही चटई बदलून देतो. साधी देतो, सगळ्यांना बसता येईल.

"नको, नाना," त्या म्हणाल्या. "जन्मभर लूमपाशी उभा राह्यला तो. पाय सुजे, तरी उभा. आता बसला हाये तर बसू द्या त्याले."

मी खीर घ्यायला गेलो. द्रौपदाबाई मोहिनीताईला सोडायला गाडीपर्यंत गेल्या. बराच वेळ दोघी तिथे उभ्या होत्या. माझी खीर संपली तरी.

१५ एप्रिल

मोहिनीताई दिवसभर केबिनबाहेर आली नाही. पडदा नाही, वर्तुळं नाहीत.

कप विसरलो. आता तर मुद्दाम विसरतो की काय!

२२ एप्रिल, मंगळवार

माझा विश्वास बसत नाही. पोरीने ते विकायला काढलं!

नवीन माल : 'स्मृती-आसन'. विहार, मंदिर, समाजमंदिर, शाळा, जिथे म्हणून गेलेल्या माणसाच्या नावाने काही द्यायची रीत आहे तिथे द्यायला. मोठी चटई. मधे गेलेल्या माणसाचं नाव, भोवती चौकट. ती जागा मोकळी सोडायची. बाकी सगळीकडे लोकांनी खुशाल बसायचं. म्हणजे शेजारच्याची साधी चटईही नको, एकीतच दोन्ही कामं. पडद्यावर विहाराचा फोटो. फोटोच्या मधोमध वाल्मीकची रिकामी जागा!

मी मीटिंगमध्ये बोललो. म्हटलं, मोहिनीताई, एका बाईने तिच्या माणसाला बसायला जागा दिली, आणि तुम्ही त्या जागेचा दर काढला. यापेक्षा अंत्ययात्रेचं बुकिंग घ्या. शेठ खिडकीबाहेर बघायला लागले. मोहिनीताई माझ्याकडे बघत राहिली, काही सांगावं असं तिच्या तोंडावर आलं, आणि तिने ते गिळलं. मला वाटलं, लाज.

रतिलालभाईंनी फोनवरच मोठी ऑर्डर दिली. म्हणाले, आता बठ्ठं जमनं.

२५ एप्रिल, शुक्रवार

शेडवरची नोटीस काढली.

कळलं ते असं. स्मृतीच्या चटईला भडक रंग चालत नाही. लोकांना गंभीर हवा, काळपट, तपकिरी. म्हणजे फुटक्या बादल्यांचा, आमच्याच शेडचा. गुजरातचा हरित ट्रक रद्द. सातही जणी कामावर, उलट दोन आणखी घेणार आहेत.

बोललो ते बोललो. शब्द परत घ्यावेत का, ठरत नाही. सात जणींची चूल पेटली हे खरं. ती एका मेलेल्या माणसाच्या जागेवर पेटली हेही खरं. द्रौपदाबाईंसमोर जायची हिंमत होत नाही. ग्लासातून चहा प्यावासा वाटत नाही, आणि पितो.

३० एप्रिल, बुधवार

शेडमध्ये गेलो. म्हटलं, द्रौपदाबाई, आमच्या लोकांनी तुमच्या माणसाची जागा बाजारात नेली, मला वाईट वाटतं.

त्या बादली फोडत होत्या. हात थांबवला नाही.

"मीच सांगितलं मोहिनीताईले, असल्या चटया काढा, आपल्या शेडच्या दाण्याच्या. गाडीपाशी. आन कोनाले सांगू नका म्हनलं." मग हसल्या. "बसमधी कोनी म्हातारं चढलं का तो आपली जागा सोडून उठे, नाना. ह्या साऱ्या जनींसाठी नसता उठला का?"

ग्लास घरून घासून आणला होता. त्यांच्या पिशवीत त्यांच्या स्वतःच्या ग्लासाशेजारी ठेवला. मग केबिनमध्ये जाऊन मोहिनीताईला म्हटलं, चुकलं माझं.

दहाचा चहा आला. माझ्याकडे कप नव्हता. नाही घेतला.