हातचं न राखता

अण्णा, तुमच्या नातीची नोकरी गेली. महिनाअखेरपर्यंत ती खराडीच्या ऑफिसात जाईल, लॅपटॉप परत करेल, की संपलं. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती, म्हणून सांगते, ती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. आता काय हवंय ते साध्या भाषेत सांगितलं की एआय म्हणून जे आलंय ते स्वतःच प्रोग्रॅम लिहून देतं. सकाळपासून ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. दोनदा चहा नेला, दोनदा गार झालेला परत आणला. कुणाशी बोलावं ते सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

मला आपलं कसब्यातलं स्वयंपाकघर दिसतंय. चौथीत माझी शाळा सुटली, पुढचं वाचन मी तुम्ही रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांवरच केलं. मग एका वर्षी फ्लेक्स छापायचं मशीन घेतलेला दुकानदार घरी आला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घालू. सगळी मुळाक्षरं, जोडाक्षरं काढून द्या." तुम्ही ओट्याशेजारी पाट मांडून बसलात. पंधरा दिवस स्वयंपाकघरभर कागद वाळत पडलेले, आणि माहेरी आलेली मी ते ओलांडत पोळ्या करते आहे. मी म्हटलं, "सगळं कशाला देताय? एखादा ळ वाकडा काढा, म्हणजे अडलं की येतील विचारायला." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वाकडा मला येत नाही. तुला येत असेल तर बस." ते कागद गेले आणि पाट्यांची कामं थांबली. नवीन कामं येतील असं तो दुकानदार म्हणाला होता, आणि एक आलंही. लाकडी चौकटीवर फ्लेक्स ताणून खिळे ठोकायचं. ते तुम्ही शेवटपर्यंत केलंत. आता पेपरात रोज कुणीतरी लिहितं, घाबरू नका, नवीन कामं येतील. मी पेपर घडी करून ठेवते.

गेल्या दिवाळीत लेक मला म्हणाली, "आई, मी काम कसं करते ते सगळं ऑफिसनं लिहून द्यायला सांगितलंय. शिवाय एआयनं लिहिलेलं तपासून त्याच्या चुका दाखवायच्या, म्हणजे ते सुधारेल. थोडं हातचं राखू का?" मी तिला तुमची आणि त्या ळची गोष्ट सांगितली. म्हटलं, आजोबांनी एक अक्षर राखलं नाही, आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पोरगी कामाला बसली. जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप. काल ऑफिसातल्या बाईंनी तिला बोलावलं. आधी म्हणाल्या, तुझ्याइतकं नीट कुणीच लिहून दिलं नाही. मग म्हणाल्या, आता या कामाला माणूस लागणार नाही.

घरी आल्यावर तिनं मला दोष दिला नाही अण्णा. दिला असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "आजोबांना खरंच वाईट वाटलं नव्हतं?" मी म्हटलं, "नाही गं." एवढं शिकलेली पोर, एकतीस वर्षांची, तिनं आता कोणत्या चौकटीला खिळे ठोकायचे? मला काही दिसत नाही. खरंच दिसत नाही.

हे गेले तेव्हा चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, आठवतं? मंडळाच्या पोरांनी विचारलं आणि मी हो म्हटलं, पाटी तुम्ही रंगवाल का हे मला सुचलंही नाही. फ्लेक्सवरचं अक्षर तुमचंच होतं, मशीनमधून आलेलं. आणि शिडीवर खिळे ठोकायलाही तुम्हीच. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर तुम्ही उतरला नाहीत, जावयाच्या नावावरून बोट फिरवत राहिलात, ब्रश धरल्यासारखं. खाली उभी राहून मी बघत होते. उतरल्यावर तुम्ही म्हणालात, "फोटो चांगला आलाय."

हे पत्र तुमच्या ब्रशांच्या डब्यात ठेवते. तिला मी ठामपणे नाही म्हणून सांगितलं, अण्णा. पण मी तुम्हाला कधी विचारलंच नव्हतं.