पलीकडच्या हाकेचा वारस

कारकून क्लेमेंट हॅडवे याने माझं मृत्युपत्र वाया घालवलं, ते आधी सांगते. मागच्या खेपेला त्याने वरती, राजा नसताना इंग्लंडवर राज्य करणाऱ्या संरक्षकाचं नाव घातलं होतं. तो संरक्षक गेला, त्याचं राज्यही गेलं. आता हा म्हणतो, "बाई, नव्याने करावं लागेल. इंग्लंडात राजेसाहेब परत आलेत. कारकिर्दीचं तेरावं वर्ष असं लिहायचं."

"तेरावं कसं? गादीवर बसून वर्ष तरी झालंय का त्याला?"

"कायद्याने त्याचा बाप मेला त्या दिवसापासून मोजायचं."

"मग मधे दुसऱ्यांचं राज्य होतं ते?"

"ते झालंच नाही असं समजायचं, बाई."

त्या न झालेल्या वर्षांत माझा मुलगा मेला. म्हणून हॅडवेला त्याच्या दौतीसकट घरी धाडलं आणि हे मीच लिहिते आहे. तंबाखूच्या पिंपांवर खुणा घालता घालता मी अक्षरं शिकले. ती वेडीवाकडी आहेत, पण दर राज्याला बदलत नाहीत.

मी, उर्सुला पेन्डर, जेथ्रो पेन्डरची विधवा, राहणार हेरन खाडी, मेरीलँड, अंगाने खंगले असले तरी डोकं ठिकाणावर आहे; कुणाच्या दडपणाखाली न येता पुढची व्यवस्था करते. आत्मा देवाचा, त्याचा त्याने घ्यावा. देह जेथ्रोच्या डाव्या हाताला पुरावा. उजव्या हाताची जागा थोरल्या मुलाची, क्रिस्पिनची. ती रिकामी आहे, ती कुणी घेऊ नये.

घर, तंबाखू वाळवायची कोठी आणि तिच्यामागचा मळा माझी नात थॉमसिन हिला. ती क्रिस्पिनची मुलगी. लग्न करील तर नवऱ्याला या घरात आणावं. न करील तर कुणी तिला टोचून बोलू नये.

काशाचं मोठं भांडंही तिलाच. पार्लमेंटचं नाव सांगत जहाज आलं आणि आमचं घर लुटलं, तेव्हा ते मी दलदलीत पुरलं होतं म्हणून वाचलं. बाकी गाय गेली, अंथरूण गेलं, दाराची कडीसुद्धा उपटून नेली. जेथ्रो म्हणाला, "राजाचं आणि पार्लमेंटचं भांडण, त्यात आपल्या कडीचा काय संबंध?" त्या हिवाळ्यात बिनकडीच्या दारातून वारा येत राहिला आणि जेथ्रो खोकून खोकून गेला. त्या लुटीत गेलेल्या कथलाच्या थाळ्या आता कुणाच्या फळीवर आहेत ते मला ठाऊक आहे. थॉमसिनने मागायला जाऊ नये. त्या बाईला त्यांत रोज जेवावं लागतं, तेवढं पुरे.

डुकरं रानात मोकळी चरतात, ती कानावरून ओळखावीत: डावा कान चिरलेला, उजव्याला भोक. ही खूण थॉमसिनची. माझा जाड झगा शेजारीण जोन टिकरिजला, कारण ती तो दर थंडीत मागून नेते आणि परत देताना तोंड वाकडं करते.

आता धाकटा मुलगा सायलस. याच्या वाटणीसाठी मी वर्षभर लेखणी अडवून ठेवली.

माझा जन्म इंग्लंडात सेव्हर्न नदीच्या काठचा. इथे आले तर वर उत्तरेला आणखी एका नदीला लोकांनी तेच नाव दिलेलं. नुसतं नाव आणलं असतं तर चाललं असतं. आम्ही इथे राजाच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करत होतो, आणि रोपं लावायच्या दिवसांत जहाजवाल्याने सांगितलं की थंडीतच त्याचं मुंडकं उडवलं. त्यानंतर इथेही दोन तट पडले. राजाने ही वसाहत ज्यांना दिली त्या मेरीलँडच्या मालकांच्या बाजूने क्रिस्पिन गेला. सायलसचं सासर पार्लमेंटला मानणाऱ्या प्युरिटन पंथातलं, तो त्यांच्या बाजूने गेला. दोघे इथल्या सेव्हर्नवर लढाईत समोरासमोर आले. क्रिस्पिनच्या लोकांनी जिवाचं अभय घेऊन शस्त्रं खाली ठेवली, आणि नंतर त्यांतले काही गोळ्या घालून मारले; त्यांत क्रिस्पिन होता.

सायलस घरी आला तेव्हा एवढंच बोलला, "चटकन झालं, आई."

"म्हणजे तू तिथे होतास. कुठे पुरलं त्याला?"

तो गाईला चारा घालायला निघून गेला. अजूनही तो चाराच घालतो आहे. नवा राजा आल्यावर म्हणाला, "आई, आता तर तिकडे कायदाच झालाय. झालं गेलं सगळ्यांनी विसरायचं."

"कायदा तुला वाचून दाखवलाय. क्रिस्पिनला कुणी वाचून दाखवलाय का?"

या खाडीवर होडी एकच, ती आमची. पलीकडून कुणी हाक मारली की या घरातून ओ द्यायची आणि होडी न्यायची. माणूस कुठल्या बाजूचा, हे तो होडीत बसल्यावर विचारायचं. जेथ्रोने घातलेला हा रिवाज लुटीच्या दिवसांतही मोडला नाही. क्रिस्पिन लढाईला निघाला तो त्याच पलीकडच्या काठावरून. तेव्हापासून धुक्याच्या सकाळी हाक येते, "आई, होडी!" मी ओ देते, होडी नेते. चिखलावर पाऊलही उमटलेलं नसतं. थॉमसिन म्हणते, "आजी, बगळा असेल." बगळा मला आई म्हणत नाही.

मागच्या शरद ऋतूत सायलस छपराला खिळे ठोकत होता आणि हाक आली. ठोकणं थांबलं.

"ऐकलंस?" मी खालून विचारलं.

"काय?"

"मग हातोडा का थांबला?"

"खिळा वाकला."

छपरावर वाकडा खिळा एकही नाही. मी थॉमसिनला चढवून बघायला लावलं.

म्हणून होडी, वल्ही, धक्का आणि पलीकडून येणारी हाक सायलसला. त्याने दोन साक्षीदारांपुढे जागा सांगावी, भावाला आणून जेथ्रोच्या उजव्या हाताला ठेवावं. तसं केलं तर खालचं कुरणही त्याचं. न सांगेल तर कुरण थॉमसिनचं, आणि हाक तेवढी त्याच्याकडे राहील. मी त्याला शाप देत नाही. मुलगा आहे. पण माझ्यामागे त्या काठावर एका आईविना पोरीने जावं, हे मला मान्य नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी बार्नाबी लस्क याने करावी. तो दोन्ही तटांना शिव्या देतो, म्हणून नेमला.

हेरन खाडी, मे महिना, सन १६६१. राजाचं कितवं वर्ष ते राजाला विचारावं.

उर्सुला पेन्डर

साक्षीदार: बार्नाबी लस्क (सही)
जोन टिकरिज (हिची खूण, फुली)

सह्या झाल्यावर हे खाली लिहिते आहे, तेही धरावं. बाहेर धुकं आहे. आत्ताच हाक आली. जोनच्या हातातली लेखणी गळून पडली, बार्नाबीने टोपी काढली. थॉमसिन उठली होती, तिला मी दंडाला धरून खाली बसवलं. सायलस दाराशी उभा आहे आणि खिळ्याचं काही बोलत नाही.

सायलस, ओ दे.