वाटाण्याएवढं पोवळं

कासार आंबोली,
१२ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस गोजराआत्याचे अ. आ.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र लिहिते. सोबत पोवळ्याची अंगठी आहे. गुरुजींनी तुझा मंगळ कडक सांगितलाय, तेव्हा मुकाट्याने बोटात घाल. जांबे गावात खोली घेऊन राहणारा पियूष म्हणून एक मुलगा आहे, हिंजवडीत कामाला. त्याला सांगितलं, आमची भाची स्कॉटलंडला समुद्रातली पोवळी मोजते. तो छान म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मनापासून म्हणाला.

आमचे हे, म्हणजे तुझे मामा, विचारतात, समुद्राच्या बुडाला काय हाय ते मोजायला पगारी माणूस कशाला लागतंय?

तब्येतीला जप आणि आत्याला विसरू नकोस.
गोजराआत्या

स्कॉटलंड,
३ फेब्रुवारी

ती. गोजराआत्यास वैष्णवीचा शि. सा. न.

अंगठी पोचली, घातलीही. ऑफिसात हात खिशात लपवून हिंडते. पोवळी वाचवणाऱ्या बाईने पोवळं घालायचं म्हणजे दारूबंदीच्या सभेला झिंगत जाण्यातला प्रकार.

मामांना सांग, इथे पाऊण किलोमीटर खोल, अंधाऱ्या गार पाण्यात पोवळ्यांची रानं आहेत. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यांनी त्यातलं एक पार मोडलं. वीस वर्षांपूर्वी तिथे मासेमारीला बंदी आली. आता मच्छीमार म्हणतात, इतक्या वर्षांत काही उगवलं नाही, मग बंदी कशाला? मार्चमध्ये बैठक आहे आणि अहवाल माझा. कॅमेऱ्याने काढलेले चार हजार फोटो पाहिले, तर नुसते मोडके खुंट. आत्या, खोटं मला लिहायचं नाही आणि खरं लिहिलं तर जाळी परत येणार. फार भीती वाटते गं.

लोभ वाढता ठेव, स्थळं मात्र वाढवू नकोस.
वैष्णवी

कासार आंबोली,
१९ फेब्रुवारी

चि. वैष्णवीस अ. आ.

दारूबंदीचं वाचून मामांना हसून हसून ठसका लागला.

आपल्या वरच्या शेतामागचा उतार आठवतो? तू दहावीत असताना एका बंगलेवाल्याने जेसीबीने खरवडला होता. परवा पौडहून मोजणीवाले आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, हितं नुसता मुरूम हाय. मी तिथेच उकिडवी बसले आणि गवत बाजूला केलं. जुन्या खुंटांच्या आडोशाला हिरड्याची बोटबोट रोपं होती, एकोणीस मोजली. एकावर तर साहेबांचाच बूट होता, तो हलवायला लावला.

तू फोटो उभ्याने बघितलेस की बसून? खुंटांच्या बुडाशी बघ आणि मोठं काही शोधू नकोस. पियूषला तुझा फोटो दाखवलाय. परत छान म्हणाला.

जेवत जा, आणि आहे तशीच भांडत राहा.
गोजराआत्या

स्कॉटलंड,
२८ मार्च

ती. गोजराआत्यास शि. सा. न.

बसून बघितले! पहिल्या वेळी मी मोठंच शोधत होते. खुंटांच्या बुडाशी पोवळ्यांची पिल्लं आहेत, एकशे बारा. वीस वर्षांतली वाढ केवढी, तर तुझ्या अंगठीतल्या खड्याएवढी. वाटाणाच म्हण.

बैठकीत मी अंगठी काढून सगळ्यांत फिरवली. बंदीला सगळ्यात जास्त विरोध एका म्हाताऱ्या कप्तानाचा. त्याने ती तळहातावर घेऊन उलटसुलट बघितली. मग त्याने विचारलं, पूर्ण रान व्हायला किती वर्षं? मी खरं ते सांगितलं, दोनतीनशे. तो म्हणाला की म्हणजे मला दिसायचं नाही. मी म्हटलं, मलाही नाही. त्याने अंगठी परत दिली आणि बंदीच्या बाजूने हात वर केला. बंदीला आणखी दहा वर्षं मिळाली, आत्या! मी सगळ्यांदेखत रडले.

अंगठी आता टेबलावर असते. बोटात घालवत नाही, रागावू नकोस.

माया आहे तेवढी असू दे, पुरते.
वैष्णवी

कासार आंबोली,
१४ एप्रिल

चि. वैष्णवीस अ. आ.

रागावले नाही. तुझं पत्र वाचून गळ्यातली पोवळ्याची माळ काढून बघितली. बावीस मणी. पन्नास वर्षं ती घालून मी भांडी घासली, आणि एकेक मणी एवढा थोर आहे हे तू आज सांगतेस. धुऊन देवघरात ठेवलीय. खूप वाईट वाटलं आणि तुझा अभिमानही वाटला.

काल पियूष आला होता. त्याला चहा दिला आणि स्थळं बघणं बंद झाल्याचं सांगितलं. छानच म्हणाला, मेला. तर आजपासून तुझ्या लग्नाच्या बाबतीत मासेमारीला बंदी. जाळं मी माळ्यावर टाकलं. तुझ्यासारखी दहा वर्षंच ठेवणार होते, पण मामा म्हणाले लई व्हतंय, म्हणून पाच.

तोवर वाटाण्याएवढं काही उगवलेलं दिसलंच, तर उकिडवी बसून नीट बघ, आणि आधी मला कळव.

तुझी,
गोजराआत्या