वायरचा जमाना संपला

सोमवार, ४ तारीख
वायरचा जमाना संपला. आईच्या खोलीतला प्रिंटर हॉलमध्ये आणला. नेटवर्कवर टाकतोय, म्हणजे घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून छापता येईल. सगळ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहेच, तासाभराचं काम. मधेच कुणी काही पाठवून गोंधळ घालू नये म्हणून छपाईला पाठवलेल्या पानांची रांग तात्पुरती थांबवून ठेवली. जुनी वायर भंगारवाल्याला दिली. हलकं वाटलं.

मंगळवार, ५
रविवारी वाचनालयात आईची गोष्ट आहे. या वयात पहिल्यांदाच चारचौघांत वाचणार. नजर अधू, म्हणून अक्षरं बोराएवढी हवीत. तिने खोलीतल्या कॉम्प्युटरवर छपाईचं बटण दाबलं, कागद काही आला नाही. म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं असेल रे. मी म्हटलं, बघतो. तुझं नाही चुकलं, असं म्हणायला हवं होतं.

बुधवार, ६
प्रिंटरचा ड्रायव्हर प्रोग्राम काढला. घातला. पुन्हा काढला. प्रिंटर ढिम्म. राउटर जुनाट, दुसरं काय! बायको म्हणाली, वायर लाव ना सरळ. वायर कुठे गेली ते बोललो नाही.

शुक्रवार, ८
आई रोज बटण दाबते, हॉलमध्ये येऊन प्रिंटरपाशी उभी राहते आणि मुकाट्याने परत जाते. चिडली असती तर बरं झालं असतं. बायको म्हणते, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आण. घरात मी असताना दुकान? उद्या पहाटे उठून सोक्षमोक्ष.

शनिवार, ९. संध्याकाळ
नऊला उठलो. नवा राउटर आणला. ढिम्म. पेनड्राइव्ह खिशात घालून गुपचूप दुकानात गेलो, तर शटर खाली. उद्या सुट्टी. हाताने ठळक लिहून काढायला बसलो, पण माझं अक्षर मलाच लागेना. आईला म्हटलं, तुला पाठ आहेच की! ती हो म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. राउटर मात्र छान आहे.

रविवार, १०
आई अर्ध्यावर अडकली. माफ करा म्हणाली आणि खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या तर ऐकवेनात.
घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. रांग: थांबवलेली. सोमवारपासून. मीच.
सुरू केली. धडाधड गोष्ट बाहेर. मग पुन्हा तीच गोष्ट. पुन्हा. आईने जितक्यांदा बटण दाबलं तितक्यांदा, बोराएवढ्या अक्षरांत. आवाजाने आई आली. मी म्हटलं, राउटरच होता बघ. ती म्हणाली, झालं का रे सुरू? शाबास!
मग तिथेच उभं राहून, अडकली होती तिथपासून शेवटपर्यंत तिने वाचून दाखवलं. फार चांगली गोष्ट आहे. सकाळी वाचनालय भरून लोक आले होते, आणि शेवट ऐकला मी एकट्याने.