नऊ दिवसांची प्रार्थना

येशू, मारिया, जोसेफ
चेंबूर, ९ जानेवारी १९५५

ती. पर्पेच्युआताईस,
सा. न. वि. वि.

नाताळच्या फराळाचे गोड कुलकुल पोचले. ह्युबर्टनी एकट्यांनी अर्धा डबा संपवला आणि वर मलाच ऐकवलं, की ताईच्या हाताला चव आहे, तुझ्या हाताला नुसती घाई. पुढच्या वर्षी त्यांना डब्यासकट तुझ्याकडेच पाठवते.

माहुलच्या तेलाच्या कारखान्यात त्यांची नोकरी आता पक्की झाली. वारा फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांना तेलाचा वास येतो, पण पगाराचा वास म्हणून गप्प बसायचं. मुलगे बरे आहेत. लिहायला बसले ते विनीसाठी.

विनी नन व्हायचं म्हणते. रविवारी सिस्टरांच्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायला जायची, मला वाटलं बरं आहे, मुलगी कामाची होईल. आता म्हणते जूनमध्ये त्यांच्या पुण्याच्या मठात जाते. ताई, नन होणं चांगलंच आहे, पण ते दुसऱ्यांच्या मुलींनी. मला एकच मुलगी आहे. मुलगे काय, बायका आल्या की बायकांचे. इकडे मुलुंडच्या जॉनच्या आईने दोनदा विचारून झालं. मुलगा ड्राफ्ट्समन आहे, दारू नाही, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. आणखी काय पाहिजे?

रागावले तर ही रोजरी घेऊन कोपऱ्यात बसते. रोजरी म्हणणाऱ्या मुलीला थप्पड तरी कशी मारायची, तू सांग.

ती ऐकते फक्त तुझं. क्रूसाची खूण करायलासुद्धा तिला तूच शिकवलंस. तिला दोन ओळी लिही गं. तुझा शब्द तिला फादरांच्या शब्दापेक्षा मोठा वाटतो.

माझ्यावर लोभ आहे तसाच ठेव, पण थोडा विनीच्या डोक्यात उजेड पाडायलाही खर्च कर.

तुझी धाकटी,
एडना

*

येशू, मारिया, जोसेफ
कांदिवली, १४ जानेवारी १९५५

चि. सौ. एडना हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. एक विचारू? विनीच्या बाप्तिस्म्याला मी कुठे होते, आठवतं तुला? तिसऱ्या बाकावर. पुढे मूल हातात घेऊन ह्युबर्टच्या तेव्हाच्या साहेबांची मिसेस उभी होती, पांढरे हातमोजे घालून. धर्ममाता ती. या लेकराला श्रद्धेची वाट दाखवीन असं वचन देवासमोर तिने दिलं, मी नाही. मग आता तिलाच का नाही विचारत? पण विनीचं नाव तरी बाईंना आठवेल का? रागावू नकोस. एवढ्या वर्षांत एकदाच बोलले, आणि आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालणाऱ्या बहिणीला एवढा हक्क असावा.

विनीला मी अडवणार नाही, ढकलणारही नाही. देव कुणाला बोलावतो तेव्हा मधे उभं राहायची मला भीती वाटते. पण उपवासकाळात तिला माझ्याकडे राहायला पाठव. शांत जागा आहे, तिचं मन तिलाच कळेल. मलाही प्रार्थनेच्या वर्गाला मदत होईल. परवा मुलांना विचारलं, पाप म्हणजे काय, तर आमच्या शेजारच्या बॅप्टिस्टचा धाकटा म्हणाला, जे केल्यावर पर्पेच्युआमावशी ओरडते ते पाप. सगळा वर्ग हसला. मीही हसले, मग घरी येऊन बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

घरात मी आणि कोंबड्या. कोंबड्यांशी माणसाने किती बोलायचं?

ह्युबर्टला आशीर्वाद, मुलांना पापे. मनात काही ठेवू नकोस, मीही आता ठेवलेलं नाही.

तुझी,
पर्पेच्युआ

*

येशू, मारिया, जोसेफ
चेंबूर, २० एप्रिल १९५५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ईस्टर होऊन घरी आले, पण अजून पहाटे जाग येते ती तुझ्या कोंबड्यांच्या वेळेला. इथे कोंबडा नाही, ममी आहे. ती उठल्या उठल्या जॉनच्या ऑर्गनबद्दल बोलायला लागते. मी एकदा म्हटलं, ममी, तूच का नाही लग्न करत त्याच्याशी. डॅडी चहा सांडेपर्यंत हसले. ममी दोन दिवस बोलली नाही.

मावशी, आता खरं लिहिते. मला जायचं आहे. दवाखान्यात जखमा धुताना मला घाण वाटत नाही, थकवा येत नाही, आणि घरी परत येताना वाटतं की मी चुकीच्या दिशेला चालले आहे. हे मी फादरांना सांगितलं. ते म्हणाले, असा निर्णय एकटीने घेऊ नकोस आणि माझ्या एकट्याच्या सांगण्यावरूनही घेऊ नकोस. तुझं मन जी ओळखते आणि जिला तुझ्याकडून काही नको आहे, अशा एखाद्या वडीलधाऱ्या बाईला विचार.

मला विचार करावा लागला नाही. ममीला मी हवी आहे, डॅडींना घरात शांतता हवी आहे, सिस्टरांनासुद्धा काम करणारे हात हवे आहेत. तुला काही नको आहे. म्हणून तुला विचारते. जूनमध्ये मुलींची तुकडी पुण्याला जाते. सिस्टरांच्या वरच्या मदर म्हणाल्या, तुझी जागा ठेवली आहे. जाऊ की थांबू? तू सांगशील तेच करीन. हे मी हसण्यावारी लिहीत नाही, नीट विचार करून लिहिते आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहते. नमस्कार करते, डोक्यावर हात ठेव.

तुझी,
विनी

*

येशू, मारिया, जोसेफ
कांदिवली, २ मे १९५५

चि. विनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण असल्या प्रश्नाला आपल्या मनचं उत्तर द्यायचं नसतं. नोवेना धरली. नऊ दिवस तुझं नाव घेऊन पवित्र आत्म्याची प्रार्थना केली. नवव्या दिवशी मन शांत झालं, तेव्हा हा कागद घेतला.

बाळ, थांब. एक वर्ष थांब. हाक खरी असेल तर ती वर्षाने कमी होत नाही. घाईने उपटलेलं रोप नव्या मातीत धरत नाही, हे आमच्या शेतावर राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि तुझी ममी आत्ता रडत आहे. रडणाऱ्या आईला ओलांडून गेलेली मुलगी मठातही मागे वळून पाहत राहते. थांबणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. संतांनीही वाट पाहिली.

वर्षभर मात्र चेंबूरला राहू नकोस, तिथे तुला कुणी विचार करू देणार नाही. माझ्याकडे ये. मागच्या खोलीला चुना मारून घेतला आहे. लावणीला हात पाहिजेत आणि मुलं तुझी आठवण काढतात. मसाला कुटून झाला, बाटल्या भरायच्या राहिल्यात, त्या तुझ्यासाठी ठेवते.

देव तुझं मन त्याच्या हातात ठेवो.

तुझी,
मावशी

*

येशू, मारिया, जोसेफ
कांदिवली, ३ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. एडना हिस,
अ. उ. आ.

तू विचारतेस विनी कशी आहे. तुझ्याकडे होती त्यापेक्षा दोन बोटं रुंद झाली आहे. भात छान आलं आहे आणि विनी ते माझ्यापेक्षा जास्त ओळखते. सकाळी चर्चमध्ये मिस्साला दोघी जातो. परत येताना म्हाताऱ्या बायका म्हणतात, मायलेकी आल्या. मी त्यांना दुरुस्त करत नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस.

काय सांगू एडना, संध्याकाळी चुलीजवळ बसलं की समोर कुणीतरी असतं. ती चहा करते, मला म्हणते मावशी तू बस. या घरात मला कुणी बस म्हटलं नव्हतं गं.

पुण्याचं नाव ती काढत नाही, मग मीही काढत नाही. सांज झाली की विहिरीच्या कट्ट्यावर बराच वेळ गप्प बसते. हाक मारली तरी लवकर ऐकू जात नाही. मन स्थिरावलं आहे असं मी समजते. तिला नाताळाआधी बोलावू नकोस, आणि नाताळ झाला की लगेच परत पाठव.

कुलकुलांना या वर्षी चार हात आहेत, ह्युबर्टला सांग डबा मोठा येईल.

तुझी,
पर्पेच्युआ

*

येशू, मारिया, जोसेफ
चेंबूर, ८ जानेवारी १९५६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी गोड आहे, म्हणून आधी तोंड गोड कर. विनीचं ठरलं. जॉनबरोबर. परवा त्याची आई अंगठी घेऊन आली होती. लग्न ५ फेब्रुवारीला, रविवारी. राखेचा बुधवार लवकर आहे, उपवासकाळ लागायच्या आत उरकायला पाहिजे.

तुला वाटेल मी जबरदस्ती केली. देवाशपथ नाही. नाताळात जॉन जेवायला आला, मी तिला म्हटलं, बघ बाई, तुझी तू ठरव. तिने थोडा वेळ ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, ठीक आहे. मी तर तयारीने भांडायला बसले होते, भांडणच झालं नाही. ह्युबर्ट म्हणतात, मुलगी शहाणी झाली. मी म्हणते, ताईमुळे झाली. जूनमध्ये तू तिला थांबवलंस, पुढचं सोपं होतं. चालणारं माणूस धरता येत नाही, थांबलेलं हाताला लागतं.

तुझे उपकार मी विसरणार नाही. आता तिला कांदिवलीला पाठवता येणार नाही, शिंप्याकडच्या फेऱ्या चालू आहेत. तिचं सामान कुणाच्या तरी हाती धाड.

तू आधी चार दिवस ये. तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी,
एडना

*

येशू, मारिया, जोसेफ
कांदिवली, ११ जानेवारी १९५६

चि. विनीस,
अनेक आशीर्वाद.

ममीचं पत्र काल आलं. रात्री झोप लागली नाही. या वेळी नोवेना धरायला वेळ नाही, म्हणून सरळ लिहिते.

मी तुला थांब म्हटलं होतं, लग्न कर म्हटलं नव्हतं. तुझं मन नसेल तर अंगठी परत करता येते. लोक दोन महिने बोलतील आणि मग दुसऱ्या कुणाबद्दल बोलतील. तू जा, विनी. मदरांना भेट, जूनची जागा माग. ममीसमोर मी उभी राहीन, दोष माझ्यावर घेईन. हवं तर मी स्वतः चेंबूरला येऊन जॉनच्या आईशी बोलते. तू फक्त हो म्हण. एका ओळीचं पत्र पाठवलंस तरी मी निघते.

माझ्या मनाला घोर लागला आहे. तो दूर कर.

तुझी,
मावशी

*

येशू, मारिया, जोसेफ
चेंबूर, १७ जानेवारी १९५६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एका ओळीचं उत्तर मला जमलं नाही, म्हणून उशीर झाला.

मदरांना मी नोव्हेंबरातच भेटले होते. तुला सांगितलं होतं की ममीला भेटायला जाते. मदर रागावल्या नाहीत. जूनमध्ये का आली नाहीस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मावशीने थांबायला सांगितलं. काय कारणं सांगितली, विचारलं. मी तुझी सगळी कारणं सांगितली, रोपाचं, ममीच्या रडण्याचं, संतांचं. तुझ्या पत्रात ती किती खरी वाटायची. माझ्या तोंडून बाहेर पडली तेव्हा पोकळ वाजली. मदर म्हणाल्या, आता तुला स्वतःला काय वाटतं? आणि मावशी, मला काहीच वाटेना. आत शोधलं, सापडलं नाही. मदर म्हणाल्या, मग अशी येऊ नकोस. बरोबरच बोलल्या.

परत आले तर अंगणात धोंडू सुतार तुझं दार दुरुस्त करत होता. गप्पा मारता मारता त्याने विचारलं, खाट नीट आहे ना, कुरकुरत नाही ना? मावशीने मागे लागून करून घेतली होती, विनी कायमची राहायला येणार म्हणाली होती. मी विचारलं, कधी सांगितली होती रे? तो म्हणाला, तुमच्या ईस्टरच्या आठवड्यात. तू घरी गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी तुला पत्र लिहिलं ते त्यानंतर. तू नोवेना धरलीस ती त्याच्याही नंतर. नऊ दिवस तू देवाला विचारत होतीस तेव्हा धोंडू रंधा मारत होता.

हे मी तेव्हा बोलले नाही. तू त्या रात्री माझ्यासाठी तांदळाची भाकरी केली होतीस आणि स्वतः कालची खाल्लीस. तुझं माझ्यावर प्रेम नाही असं मला कधीच वाटलं नाही. पण मी प्रेम मागितलं नव्हतं. ते मला ममीकडे पुष्कळ होतं. तुझ्याकडे मी वाट विचारली होती, आणि तू मला बसायला जागा दिलीस.

आता तू लिहितेस, जा. हेही मी दोनदा वाचलं. शेवटी लिहिलं आहेस, माझ्या मनाचा घोर दूर कर. बघ ना मावशी. तेव्हाचं थांब तुझ्या घरासाठी होतं, आताचं जा तुझ्या झोपेसाठी आहे. दोन्हींत मी कुठे आहे ते मला दिसत नाही. या वेळी नोवेना धरली नाहीस, ते बरं केलंस.

जॉन चांगला आहे. त्याने मला विचारलं, तुला खरंच हे हवं आहे ना? मदरांनंतर मला हे विचारणारा तो एकटाच. मी हो म्हटलं, खोटं नाही म्हटलं, पण खरंही किती होतं कोण जाणे. मी त्याचं घर नीट करीन. त्याच्या आईचे पाय दुखतात, ते चेपीन. हात रिकामे राहणार नाहीत.

फक्त एक झालं आहे. फादर काही सांगायला लागले की मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघते, यांना काय हवं आहे म्हणून. आणि प्रार्थनेला बसले की आत तुझाच आवाज ऐकू येतो. लहानपणापासून तोच होता ना. त्याच आवाजात मी देवाला ओळखायचे. आता त्यातला देवाचा किती आणि तुझा किती, मला निवडता येत नाही, म्हणून प्रार्थना अर्धी टाकून उठते.

ममीला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुझ्या वर्गातल्या मुलांना माझे पापे दे.

लग्नाला ये. आदल्या दिवशी बायका विहिरीवर पाणी आणायला जातात तेव्हाची जुनी गाणी ममीला येत नाहीत, तुलाच येतात, ती तू म्हण. पुढच्या बाकावर बस, मी जागा ठेवायला सांगितलं आहे. पोटभर जेव. मी पाया पडायला येईन तेव्हा डोक्यावर हातही ठेव.

पण मावशी, मला काही सांगू नकोस.

तुझी,
विनी