नाकतोड्याच्या घड्याळाखाली

प्रिय चेमा,

हे पत्र तुला कोणीतरी वाचून दाखवत असेल. आधी त्यांचे आभार मान, मग नीट बसून ऐक. मध्येच गाणं म्हणायला लागू नकोस. मी तुझी ओफेलिया ताई. तुझ्या पावातला मक्याच्या पिठाचा तमाल अर्धा खाऊन मांजराचं नाव सांगायची, तीच.

घरी तुझी खाट कुणालाही दिलेली नाही. आईनं तुझा निळा स्वेटर उसवून मोठा विणला, कारण तू जिथं असशील तिथं चांगलं खातपीत असशील आणि अंगानं भरला असशील अशी तिची खात्री. तिशी ओलांडलेला माणूस आता वाढायचा नाही, असं मी म्हटलं की ती माझ्याकडे मीच वेडी असल्यासारखी बघायची. तिच्या लेखी तू सात वर्षांचा झालास आणि तिथंच थांबलास. स्वेटर घडी घालून तुझ्या उशीशी ठेवला आहे.

तू हरवलास त्या सकाळी तुझी काही चूक नव्हती, हे आधी सांगते. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला एक चित्र असतं, आणि आपल्या घराजवळचं ते झेंड्यांचं. रोज त्या झेंड्यांच्या स्टेशनवर आई विकायच्या जेलीचं घमेलं डोक्यावर घ्यायची, तू तिचा पदर धरल्यासारखा झगा धरायचास, आणि तुम्ही दोघं बायकांच्या डब्यात चढायचात. तिथले पोलीस तुला ओळखत. त्या दिवशी नवा पोलीस होता, त्याला फक्त तुझी मिशी दिसली. “पुरुषांनी तिकडे, साहेब,” तो म्हणाला. तुला जन्मात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं होतं. तू ऐटीत तिकडे गेलास. आई मागं वळली तोवर गर्दीनं तिला डब्यात लोटलं होतं आणि दारं लागली होती.

चुकामूक झाली तर नाकतोड्याच्या स्टेशनला उतरायचं आणि फलाटावरच्या घड्याळाखाली थांबायचं, हा आपल्या घरचा नियम. आपल्याच कशाला, ह्या अख्ख्या मेक्सिको शहराचा. सगळे एकमेकांना घड्याळाखालीच तर भेटतात. आई तिथं उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतर रोज. कुठल्या मुलीचा मित्र नेहमी उशिरा येतो हे तिला पाठ झालं होतं. ज्याची वाट बघत होती तो तेवढा आला नाही. आम्ही भिंतीभिंतीवर तुझे फोटो लावले, इस्पितळं पालथी घातली. सफरचंदांच्या स्टेशनवर तुला पाहिलं असं एक बाई म्हणाली, तेवढंच.

आणि मग मेट्रोची आपली गुलाबी लाईन दुरुस्तीसाठी बंद झाली. सगळ्यांना एकच घोर, कामावर पोचायचं कसं. माझ्या शिवणाच्या कारखान्यात तर सकाळी गप्पाच त्या: कुठली बस, कुठला रस्ता, कोण उभ्याउभ्या झोपली आणि भलतीकडेच उतरली. आईला घोर वेगळाच. चेमाला अक्षरं येत नाहीत, तो चित्रं बघून उतरतो, आणि मेट्रोऐवजी सोडलेल्या बदली बसवर तर नुसती अक्षरं आहेत. पोरगं घरी येणार कसं?

म्हणून तिनं मला पुठ्ठ्यावर नाकतोडा काढायला लावला. तो घेऊन ती एकेका ड्रायव्हरपुढं उभी राहायची. बहुतेकांनी हसून उडवलं. बाल्दोमेरो नावाचा एक जाड्या म्हणाला, “मावशी, नाकतोडा लावला तर लोक म्हणतील ही बस उड्या मारत जाते. जातेच म्हणा. द्या इकडं.” त्यानं तो काचेला लावला, मग बाकीचेही मागायला लागले. मी नाकतोडे काढले, तोफा काढल्या, सफरचंदं आणि झेंडे काढले. बोटं आखडली तेव्हा मी वैतागले. आई, आता पुरे, स्टेशनलाच कुलूप आहे, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, “कुलूप स्टेशनला लागलंय. मी चेमाला थांबते म्हटलंय, त्या शब्दाला नाही लागलं.” आणि बंद दारासमोर स्टूल टाकून बसू लागली. मला तेव्हा रडू आलं, आत्ताही येतंय.

आता तुझा नवा रस्ता. तू नाकतोड्याच्या दारापाशी असशील, तर तिथं थांबू नकोस. पाण्याच्या घड्याचं चित्र लावलेली छोटी बस येते, तीत बस. घड्याच्या स्टेशनला उतर. तिथून चॉकलेटी लाईन निघते. ती आपली नाही, पण वाईट नाही. गाडीत बसलास की शेवटपर्यंत उठायचं नाही. मक्याचं कणीस दिसेल, तुला भूक लागेल, तरी उतरायचं नाही. मग बाळ घेतलेली बाई दिसेल, म्हणजे घर जवळ आलं. सगळे उतरतील तिथं आपले झेंडे असतील. बाहेर लोहाराच्या दुकानात माझं नाव सांग, तो मला बोलावून आणेल.

तुझीच,
ओफेलिया ताई

ता. क. हे पत्र वाचून दाखवणाऱ्या भल्या माणसांना विनंती, एवढा भाग मोठ्यानं वाचू नका. आमची आई जानेवारीत गेली. त्या दारासमोर बसून बसून थंडी छातीत भरली. घड्याळाखाली आता कोण थांबणार, एवढंच ती शेवटी विचारत होती. मला कामावर जावं लागतं, मी रोज तिथं उभी राहू शकत नाही, म्हणून नाकतोडा लावलेल्या प्रत्येक बसमध्ये हे पत्र ठेवलं आहे. चेमा आई कुठं आहे विचारेल. खोटं सांगू नका आणि खरंही सांगू नका. त्याला स्वेटर घातला की मी सांगेन. जमलं तर झेंड्यांपर्यंत त्याच्यासोबत या. वाटेत एखादा पोलीस त्याला सांगेल, पुरुषांनी तिकडे. तुम्ही बाई असलात, तर तुम्हीही त्याच्याबरोबर तिकडेच जा.