मिठाचा शेक

बोरिवली, १२ फेब्रुवारी १९७४

प्रिय मंजुळा,

पत्र बघून तुला हसू येईल. बोरिवलीहून तुझं माहेर मनोरी ती काय लांब, आणि हा बाबा पत्र लिहीत बसलाय! पण मार्व्याच्या धक्क्यावरच्या तरीपर्यंत माझ्यानं चालवत नाही, आणि समोर बसून बोलायची छाती तर त्याहून नाही. म्हणून कुंदाच्या हाती पाठवतोय. पोरगी रविवारी तुझ्याकडून आली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आई महिनाभर अळणी जेवतेय, बाबांचा पाय बरा होईपर्यंत मिठाला शिवणार नाही म्हणते. मासळी विकायलाही जात नाही, टोपली पडवीत पालथी घातलीय. ते ऐकलं आणि मी भरल्या ताटावरून उठलो.

पायाचं म्हणशील तर वाट लागली. डाव्या पायाची शीर काढून उजव्यात बसवली होती ना, ती बुजली. बाकीच्या रक्तवाहिन्याही आतून कडक झाल्यात, जुन्या गंजक्या नळासारख्या, असं डॉक्टर म्हणाले. घोट्यावर बोट ठेवून त्यांनी किती वेळ नाडी शोधली, लागली नाही. अंगठा काळा पडलाय. परवा गुरुवारी गुडघ्याखाली कापणार आहेत. तू घाबरू नकोस, मी घाबरलोय तेवढं पुरे.

ऑपरेशन होऊन घरी आलो तेव्हा एकवीरेची शपथ घेऊन मी विडी सोडली होती, आठवतं? तू शेजारणींना सांगत सुटलीस, आमच्या ह्यांनी सोडली बाई एकदाची! आणि थंडी पडल्यावर पाऊल बर्फ व्हायचं, तर रोज संध्याकाळी बाजारातून आल्या आल्या तव्यावर खडेमीठ तापवायचीस. फडक्यात बांधून आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचीस, मग माझ्या तळव्याला. तुझ्या हाताला मासळीचा वास असायचा. मला तो शेक फार आवडायचा गं, जाणवत काही नव्हतं तरी.

मग पावलावर ती जखम झाली. डॉक्टर म्हणाले, हे भाजल्याचं आहे, कशानं भाजलं? तू शेजारीच उभी होतीस. तुझा भाऊ धर्मा दारात होता, आमची आईही होती. आणि मी म्हणालो, हिनं मिठाचा शेक दिला. डॉक्टर तुझ्यावर केवढे ओरडले! बधिर पायाला शेक देतात का, म्हणाले. आई म्हणाली, हिच्या हाताला यशच नाही. तू तुझे हात बघत राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, जास्त तापलं असेल. मी मेल्यानं तोंड उघडलं नाही. आईची बडबड चालूच राहिली आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तू माहेरी गेलीस. मी थांब म्हणालो नाही. तू गेलीस ते बरंच झालं असं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? तू दिसलीस की तोंड लपवावंसं वाटायचं.

मंजुळा, तुझा गाल कधी भाजला का गं? नाही ना? मग माझा पाय कसा भाजेल? मी विडी सोडलीच नव्हती. तू बाजारात गेलीस, कुंदा शाळेत गेली की भर दुपारी ओढायचो. त्या दिवशी पायावर गोधडी होती, निखारा कधी पडला कळलंच नाही. जळका वास आला तेव्हा वाटलं, शेजारी कुणाचं काही करपलं. गोधडी महिनाभर उशाखाली घडी करून ठेवली होती. ती कुंदाबरोबर पाठवतोय. भोकात बोट घालून बघ, तव्यावरचं मीठ असं भोक पाडत नाही. तुला वाचता येतं, पण हे पत्र तू वाचू नकोस. मी चारचौघांत बोललो होतो, तर धर्माला चारचौघांत मोठ्यानं वाचायला सांग. आईला मी आज सकाळी सांगितलंय. गुरुवारी यायचं की नाही ते तू ठरव, नाही आलीस तरी माझी तक्रार नाही. फक्त पत्र वाचून झालं की ताट वाढून घे आणि तुझ्या हातानं मीठ घाल.

लिहायला लाज वाटते, तरी तुझाच
हरेश्वर